नाचायला परवानगी आहे, नोट उधळायला नाही: डान्सबारचा कायदा सोप्या भाषेत

पेपरात दर थोड्या दिवसांनी एक छोटी बातमी येते. ठाणे, पनवेल, मीरा रोड किंवा असंच कुठेतरी, रात्री उशिरा एका ऑर्केस्ट्रा बारवर छापा. मॅनेजर, वेटर आणि गिऱ्हाइकं ताब्यात. शेवटच्या ओळीत, अमुक इतक्या बारबालांची सुटका. परवा चहाच्या टपरीवर एका मित्राने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "अरे, आर. आर. आबांनी हे सगळं बंद केलं होतं ना?" दुसरा म्हणाला, "सुप्रीम कोर्टाने चालू केलं की परत." तिसऱ्याचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता. "चालू आहे तर छापा कसला, आणि बंद आहे तर बोर्ड कसला?"

तिघांचंही खरं आहे. बंदी आली, कोर्टात टिकली नाही, दुसऱ्या कपड्यांत परत आली, पुन्हा टिकली नाही, मग नियमांच्या रूपात आली आणि त्यातले अर्धे नियम उडाले. जे उरलं तो आजचा कायदा. तो समजून घ्यायचा तर नाच थोडा बाजूला ठेवावा आणि दहाच्या नोटेच्या मागे जावं, असं माझं मत आहे.

त्याआधी एका शब्दाचा निकाल लावतो. 'बारबाला' हा शब्द बातमीदारांनी रुळवला. तिशी ओलांडलेल्या, दोन पोरांच्या आईला 'बाला' म्हणायचं हे मला कधी पटलं नाही. बारमध्ये काम करणारे 'डान्सर' म्हणतात, मीही तेच म्हणतो.

दहाची नोट कुठून कुठे जाते

संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, बसतं, पेग मागवतं. बाहेरच्या साध्या परमिट रूमपेक्षा इथे दर चढा असतो. थोड्या वेळाने तो वेटरला पाचशेची नोट देतो आणि काउंटरवरून दहा-दहाचं बंडल मागवतो. फ्लोअरवर नाचणाऱ्यांपैकी जिचा नाच आवडला तिच्या हातात तो नोटा ठेवतो, नाहीतर तिच्या डोक्यावरून उधळतो, नाहीतर नोटांचा हार घालतो. खाली पडलेल्या नोटा एक पोऱ्या गोळा करतो. कोणाच्या नावावर किती, याचा हिशेब राहतो. बार बंद झाला की मोजणी होते, ठरलेला वाटा बार कापून घेतो आणि उरलेले पैसे डान्सरच्या हातात पडतात.

वाटणीचं प्रमाण बारगणिक वेगळं. समजा एखादीच्या नावावर एका रात्री ३,००० रुपये पडले आणि बारचा वाटा चाळीस टक्के आहे. म्हणजे १,२०० गेले, १,८०० उरले. त्यातून घागरा-चोळी तिची, मेकअप तिचा, रात्री दीड वाजता घरी जायची रिक्षाही तिची. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर कमाई शून्य. ताप आला तरी शून्य. बहुतेक ठिकाणी पगार नसायचाच. असला तर नावापुरता.

मालकाच्या बाजूने पाहिलं तर हा भारी धंदा होता. ज्या माणसामुळे गिऱ्हाईक येतं त्या माणसाचा खर्च मालकाला नाही, उलट त्याच्या कमाईतला हिस्सा मालकालाच. मस्टरवर नाव नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही. आज मोबाइलवरच्या ॲपसाठी घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या बाबतीत आपण ज्याला गिग काम म्हणतो, ते मुंबईच्या बारमध्ये कित्येक वर्षं आधीपासून चालू होतं. फक्त त्याला कोणी असलं सुटसुटीत नाव दिलं नव्हतं.

नाचणारणीवर पैसा उधळणं हे काही मुंबईच्या बारने शोधून काढलेलं नाही. संगीत बारीत लावणीची फर्माईश करताना जो पैसा दिला जातो त्याला दौलतजादा म्हणतात, आणि तो शब्द बारपेक्षा खूप जुना आहे. इतकंच काय, ज्या नियमांखाली मुंबईत नाचाच्या कार्यक्रमांना परवाने दिले जात, त्या १९६० च्या नियमांच्या लांबलचक नावातच 'मेळे आणि तमाशे' हे शब्द आहेत. म्हणजे सरकारी फायलीत बारमधली डान्सर आणि फडातली नर्तकी एकाच कपाटात होत्या. एकीचं काम पुढे लोककला म्हणून मिरवलं गेलं आणि दुसरीचं समाजविघातक ठरलं. फडावरही एकेकाळी हीच पाळी आली होती. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. असो, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

बारमध्ये नाचणाऱ्या सगळ्याच काही अशा घराण्यांतल्या नव्हत्या. पण बेडिया, नट, कंजर, डेरेदार अशा परंपरेने नाच-गाण्यावर जगणाऱ्या उत्तरेतल्या समाजांतून आलेल्या बायका त्यांत पुष्कळ होत्या. राजेरजवाडे गेले, जमीनदार गेले, मैफली संपल्या. कला आणि पोट घेऊन त्या शहराकडे आल्या. बाकीच्या गरिबीने आणल्या. कारखाना बंद पडलेल्या घरांतल्या, नवऱ्याने टाकलेल्या, घरकाम करून भागत नाही म्हणून आलेल्या.

२००५: बंदी

३० मार्च २००५ रोजी विधानसभेत पनवेल भागातल्या बारबद्दल लक्षवेधी सूचना आली आणि तिला उत्तर देताना गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. पोरं बिघडतात, शेती विकून आलेला पैसा बारमध्ये जातो, संसार मोडतात, असा सरकारचा सूर होता. आणि तो सगळा खोटा होता असंही म्हणता येणार नाही. नवी मुंबई-रायगड पट्ट्यात जमिनीचे पैसे आलेल्या घरांत काय काय झालं, हे तिकडच्या आया-बायकांना विचारा. विधेयक जुलैमध्ये एकमताने मंजूर झालं आणि ऑगस्टच्या मध्यावर, अगदी स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, बंदी लागू झाली.

कायदेशीर यंत्रणा साधी होती. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली गेली. ३३-अ म्हणालं, खाद्यगृह, परमिट रूम किंवा बिअर बारमध्ये कोणत्याही प्रकारचा नाच चालणार नाही. अश्लील नाच म्हटलेलं नाही, 'कोणत्याही प्रकारचा'. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड. मग ३३-ब आलं आणि त्याने सवलत दिली. नाट्यगृहं, सभागृहं, फक्त सभासदांना प्रवेश असलेले क्लब आणि जिमखाने, आणि तीन तारांकित किंवा त्यावरची हॉटेलं यांना ३३-अ लागू नाही.

ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा. घाटकोपरच्या बारमध्ये डोक्यावरून पदर घेऊन कोणी नाचलं तरी गुन्हा, आणि जुहूच्या मोठ्या हॉटेलच्या नाइटक्लबमध्ये तोकड्या कपड्यांत नाचलं तरी गुन्हा नाही. सरकारने बंदीचा खटला हरला तो इथेच, असं मला वाटतं. बाकीचे मुद्दे होतेच, पण ही चूक पहिल्याच दिवशी दिसत होती.

कोर्टाने बंदी का पाडली

बंदीविरुद्ध बारमालकांच्या संघटना गेल्या, डान्सरांची भारतीय बारगर्ल्स युनियन गेली, काही स्त्री-संघटनाही गेल्या. मालक आणि कामगार एकाच बाजूला, आणि स्त्री-चळवळ मात्र दोन तट पडलेली, असं क्वचितच दिसणारं चित्र होतं. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि रोशन दळवी यांनी बंदी रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रकरण सात वर्षं पडून राहिलं, आणि त्या काळात बार बंदच होते. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

यातला तर्क नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो फक्त डान्सबारपुरता नाही.

पहिला मुद्दा समानतेचा, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा. सरकार दोन गटांना वेगळी वागणूक देऊ शकतं. तशी ते रोजच देतं. पण अट अशी की गट पाडण्याला काहीतरी समजण्याजोगा आधार हवा आणि त्या आधाराचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. इथे हेतू काय, तर बाईची प्रतिष्ठा राखणं आणि अश्लीलता रोखणं. मग प्रतिष्ठेचा हॉटेलच्या ताऱ्यांशी काय संबंध? सरकारचं म्हणणं असं की मोठ्या हॉटेलांत येणारं गिऱ्हाईक वेगळ्या थरातलं असतं, तिथे तसं काही घडत नाही. कोर्टाने ही समजूत वरच्या वर्गाच्या अहंकाराची ठरवली. पैसेवाल्याची नजर स्वच्छ आणि गरिबाची घाण, असं गृहीत धरून कायदा करता येत नाही. उच्च न्यायालयाने आणखी एक विसंगती दाखवली होती. त्याच बारमध्ये तीच बाई वेटर म्हणून दारू आणून देऊ शकत होती, माइक धरून गाऊ शकत होती. ती जोपर्यंत नाचत नाही तोपर्यंत सरकारला तिच्या प्रतिष्ठेची काळजी वाटत नव्हती.

दुसरा मुद्दा धंद्याचा. अनुच्छेद १९ प्रमाणे प्रत्येक नागरिकाला आपल्या पसंतीचा व्यवसाय करता येतो, आणि सरकार त्यावर 'वाजवी निर्बंध' घालू शकतं. वाजवी म्हणजे किती, हा सगळा खेळ आहे. सरकार म्हणालं, दारूच्या जागी चालणारा नाच हा हक्काचा व्यवसायच नव्हे. कोर्ट म्हणालं, इतकी वर्षं तुम्हीच परवाने देत होता, तेव्हा तो व्यवसाय होता. आणि निर्बंध घालण्याआधी सौम्य उपाय करून पाहिलेत का? करून पाहिले नव्हते. सरकारच्याच समितीने बंदीच्या आधी सूचना दिल्या होत्या. नाचाच्या जागेभोवती तीन फुटी कठडा घाला, कठडा आणि गिऱ्हाइकांच्या खुर्च्या यांच्यात पाच फूट अंतर ठेवा, फ्लोअर १० बाय १२ फुटांचा असावा म्हणजे एका वेळी आठच्या वर जणी नाचू शकणार नाहीत, पैसे उधळायला मनाई करा. यातलं काही अमलात न आणता सरकार थेट बंदीवर आलं.

तिसरा मुद्दा पुराव्याचा. हक्कावर गदा आणायची तर ती का आणली हे सरकारने दाखवायचं असतं. सरकार म्हणत होतं की या मुली फसवून, विकून आणलेल्या आहेत. दुसऱ्या बाजूने एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि एका स्त्री-संघटनेने मिळून ५०० डान्सरांशी बोलून केलेला अभ्यास कोर्टापुढे होता. त्यातून दिसणारं चित्र मुख्यतः कर्त्या बायकांचं होतं, घर चालवणाऱ्या आणि पर्याय तोलून इथे आलेल्या. कोणी फसवून आणलेलीच नव्हती, असं नाही. पण जी आणली गेली तिच्यासाठी अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, पोलीस ज्याला 'पिटा' म्हणतात. अश्लील वर्तनासाठी भारतीय दंड विधानाचं २९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २९६ आहे. हे कायदे न वापरता सगळ्यांचंच काम काढून घेणं वाजवी ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ७५,००० हून अधिक बायका बेकार झाल्याचा उल्लेख आहे, आणि त्यांतल्या अनेकींना पोटासाठी शरीरविक्रीकडे वळावं लागल्याचाही. ज्यापासून वाचवायचं म्हणून बंदी घातली, तिथेच बंदीने त्यांना ढकललं. रोगापेक्षा औषध भयंकर, असं आपल्याकडे म्हणतात. निकालातला शेरा नेमका त्याच अर्थाचा आहे.

'बाईच्या भल्यासाठी' केलेले कायदे कोर्टात असे पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम रद्द केलं होतं. ते दिल्लीत लागू होतं आणि दारू दिली जाते अशा जागी बायकांनी काम करायला त्याने मनाई केली होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींना बारमागे उभं राहता येत नव्हतं. तेव्हा कोर्टाने म्हटलं ते थोडक्यात असं: रस्ता सुरक्षित करणं सरकारचं काम आहे, बाईला घरी बसवणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

बंदी परत येते, मग नियम येतात

२०१३ च्या निकालानंतर सरकारने काय केलं? जून २०१४ मध्ये तेच कलम पुन्हा आणलं, फक्त तारांकित हॉटेलांची सवलत काढून टाकली. म्हणजे समानतेचा आक्षेप आला तर सगळ्यांनाच बंद! १५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मग एप्रिल २०१६ मध्ये नवा, स्वतंत्र कायदा आला. त्याचं नाव वाचता वाचता चहा थंड होतो: महाराष्ट्र हॉटेल, उपाहारगृहे आणि मद्यपान कक्ष यांमधील अश्लील नृत्यास प्रतिबंध आणि तेथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण, साधारण असं. यात 'नाच बंद' असं कुठेच नव्हतं. परवाना घ्या, अटी पाळा आणि खुशाल नाच ठेवा. अटी मात्र अशा होत्या की त्या पाळून मुंबईत बार काढता येईना. शाळा आणि धार्मिक स्थळापासून एक किलोमीटर अंतर. मुंबईचा नकाशा घ्या, प्रत्येक देऊळ, मशीद, चर्च आणि बालवाडीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि उरलेली जागा शोधा. बहुतेक समुद्रात सापडेल.

१७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि अशोक भूषण यांनी या कायद्यावर निकाल दिला. आज जे लागू आहे ते या निकालातून आलेलं आहे. २००५ पासून एकालाही परवाना दिलेला नाही, हे कोर्टाने सरकारला सुनावलं. नियमन करा, पण नियमनाच्या नावाखाली बंदी करू नका, असा एकूण सूर.

काय उडालं? एक किलोमीटरची अट उडाली. ज्या खोलीत नाच तिथे दारू नाही, मधे भिंत हवी, ही अट उडाली. डान्सच्या जागेत सीसीटीव्हीची सक्ती उडाली, कारण तिथे बसलेल्याला आणि नाचणारीलाही खासगीपण आहे. परवाना मागणारा 'चांगल्या चारित्र्याचा' असावा ही अट मोघम म्हणून उडाली. चारित्र्य चांगलं की वाईट ते कोण आणि कशावरून ठरवणार? डिस्कोथेक किंवा ऑर्केस्ट्राचा परवाना असलेल्या जागेला नाचाचा परवाना द्यायचा नाही, हेही उडालं.

काय राहिलं? वेळ राहिली, संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा. अश्लील नाचाची व्याख्या राहिली. त्या व्याख्येत उघडंनागडं प्रदर्शन येतं, आणि फक्त वासना चाळवण्याच्याच हेतूने केलेल्या हालचाली येतात. इथे 'फक्त' या शब्दावर बरंच काही अवलंबून आहे. चित्रपटातल्या गाण्यावर कंबर हलवली म्हणजे लगेच अश्लील, असं त्यातून निघत नाही. छापा घालणाऱ्याला मात्र तसं वाटू शकतं.

आणि नोट? गिऱ्हाईक डान्सरला टिप देऊ शकतं, हे कोर्टाने मान्य केलं. टिप बिलात मिळवूनच द्यावी, ही सक्ती काढून टाकली. ती कशी द्यायची हे देणारा, घेणारी आणि मालक यांनी पाहावं, सरकारने त्यात पडू नये. पण नोटा किंवा नाणी उधळायला मनाई कायम राहिली. म्हणजे दहाची नोट तिच्या हातात ठेवली तर टिप, तीच तिच्या डोक्यावरून सोडली तर गुन्हा. ऐकायला गमतीशीर वाटतं. पण ज्या बायकांनी हा धंदा केला त्यांच्यातही यावर एकमत नाही. उधळलेल्या नोटांच्या खेळात अपमान आहे असं काही जणी म्हणतात. काही जणी म्हणतात की हातात नोट द्यायला तो जवळ येतो, त्यापेक्षा लांबून उधळलेली बरी.

मग ऑर्केस्ट्रा बार म्हणजे काय

बंदी नाचावर होती, गाण्यावर नव्हती. त्यामुळे २००५ नंतर बोर्ड बदलले. ऑर्केस्ट्राचा परवाना घ्यायचा, स्टेजवर वादक, आणि माइक धरून उभ्या असलेल्या गायिका. त्यांतल्या काही खरंच गायच्या, आणि चांगल्या गायच्या. काहींच्या हातातला माइक नुसता धरलेला असायचा. उभ्या उभ्या थोडं हललं तर नाच होतो का, हा प्रश्न महाराष्ट्र पोलिसांनी किती रात्री सोडवला असेल कोण जाणे. छापे पडतात ते मुख्यतः याच सीमारेषेवर: परवाना गाण्याचा, आत नाच.

ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात एक अट होती की स्टेजवर आठ कलाकार असावेत, चार पुरुष आणि चार बायका. चारच्या वर बाई नको. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि एस. रवींद्र भट यांनी ही वाटणी रद्द केली. एकूण आठची मर्यादा राहू शकते, पण त्या आठांत किती बायका आणि किती पुरुष हे पोलीस ठरवणार नाहीत. आठही बायका असू शकतात, आठही पुरुष. डान्सबारच्या खटल्याइतकी या निकालाची चर्चा झाली नाही. पण रोज स्टेजवर उभं राहून पोट भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाचवी जागा उघडणं ही फार ठोस गोष्ट आहे.

एक खुलासा. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. बांद्याची चेकपोस्ट ओलांडून गोव्यात गेलात की हा कायदा मागे राहतो. तिथल्या क्लबांना आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांना तिथले परवाने आणि तिथले नियम.

छापा पडतो तेव्हा तिचं काय होतं

मालकाला वकील असतो. गिऱ्हाईक तोंडाला रुमाल बांधून निघून जातं. डान्सरला काय माहीत असावं, हे कोणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

बारमध्ये गाणं किंवा नाचणं हा स्वतः गुन्हा नाही. परवान्याची अट मोडली तर जबाबदारी आधी परवानाधारकाची. 'सुटका' हा शब्द पिटा कायद्यातून येतो आणि तो लागू होतो वेश्याव्यवसायाचा आरोप असेल तर. बातमीत मात्र तो सरसकट वापरला जातो, त्यामुळे शेजारीपाजारी आणि गावाकडे तिच्याबद्दल काय समज होतो ते सांगायला नको. अश्लीलतेचं कलम, म्हणजे २९६, तिच्यावर लावलं जाऊ शकतं. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड आहे.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. हा नियम जुन्या फौजदारी संहितेत होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. छापे रात्री अकरानंतर पडतात, हे लक्षात घेतलं तर या नियमाचं महत्त्व कळेल.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बारलाही लागू आहे. मॅनेजर किंवा मालकच त्रास देत असेल, किंवा बारमध्ये दहापेक्षा कमी लोक काम करत असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची सोय मालकाने करायची. रात्री दीडच्या त्या रिक्षाचं भाडं कोणी द्यायचं, हा प्रश्न मालकाला विचारायला इथे जागा आहे. अर्थात हे सगळं तेव्हाच, जेव्हा ती मालकाच्या कागदावर कामगार म्हणून असते.

आणि तो कागद २०१६ च्या कायद्यातच आहे. डान्सरशी लेखी करार करायचा, तिची रक्कम तिच्या बँक खात्यात भरायची, कराराची प्रत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मूळ नियमात ती रक्कम 'मासिक पगार' असावी असं होतं. २०१९ मध्ये कोर्टाने लेखी करार आणि बँक खातं ठेवलं, मासिक पगाराची सक्ती काढली. कारण तसं पटण्यासारखं आहे. एखादी आठवड्यातून तीन रात्री इथे आणि दोन रात्री तिथे काम करू इच्छिते, तिला एकाच मालकाशी का बांधायचं? पण त्यामुळे करारात 'मोबदला' या शब्दापुढे काय लिहायचं ते मालक आणि डान्सर यांच्यावर आलं. रात्रीमागे ठरलेली रक्कम लिहिता येते. टिपेतला बारचा वाटा किती, तेही लिहिता येतं. आणि दोघांनी मिळून तिथे नुसती रेघही मारता येते, म्हणजे हिशेब परत त्या दहाच्या बंडलावर आणि काउंटरवरच्या मोजणीवर.